ट्रकवरची सायकल

पुणे-हैदराबाद महामार्ग आपल्या धाराशिव जिल्ह्यातून नळदुर्ग, उमरगा असा जातो. माझे चाचा याच मार्गावर ट्रक चालवीत. त्यांच्या केबिनच्या टपावर एक जुनी सायकल दोरीने घट्ट बांधलेली असे. "चाचा, ट्रकला इतकी चाके असताना आणखी दोन कशाला?" असे मी एकदा विचारले. ते हसून म्हणाले, "बेटा, ट्रक मालकाचा, सायकल माझी!"

मालाने भरलेला ट्रक गावाच्या अरुंद वाटेने नेता येत नाही. म्हणून ते नळदुर्गजवळ ट्रक उभा करीत, क्लीनरला राखणीस ठेवीत आणि सायकलने घर गाठीत. दादीच्या आजारपणात तिची औषधे सोलापूरहून अशीच वेळेवर आली.

तासन्‌तास बसून चालकाचे पाय आखडतात, डोळे जड होतात. म्हणून १९६१ च्या मोटार परिवहन कामगार कायद्याने पाच तासांच्या कामानंतर किमान अर्धा तास विश्रांती ठरवून दिली होती. चाचा तो अर्धा तास सायकलवर घालवीत.

मुलांनो, ट्रक पाहिला की आपण त्यातला माल पाहतो. तो चालवणाऱ्या माणसाचीही घरी कोणीतरी वाट पाहत असते, हे लक्षात ठेवा.