सवाल कुणी केला?

गणिताच्या पेपरात मी उत्तरापेक्षा रीतीला जास्त गुण देते. आमच्या उर्दू शाळेतल्या पालकांना हे पटत नाही. "जवाब बराबर है ना आपा, फिर नंबर कायकू काटे?" नगर जिल्ह्यातल्या आमच्या घराघरांतली ही दख्खनी.

संगणकशास्त्रातही हा वाद झाला. प्रोग्रामचा अर्थ काय? १९७०च्या सुमारास ऑक्सफर्डमध्ये डाना स्कॉट आणि ख्रिस्तोफर स्ट्रेची यांनी मांडलं, की प्रोग्राम म्हणजे गणितातलं फलन : काय दिलं, काय मिळालं. १९७७ मध्ये गॉर्डन प्लॉटकिन यांनी त्यातली अडचण दाखवली. पीसीएफ नावाच्या छोट्या भाषेसाठी केलेल्या अशा नमुन्यात एक असं फलन बसतं, की दोघांना एकदम विचारायचं आणि एकानं 'हो' म्हटलं की, दुसरा गप्प असला तरी, 'हो' सांगायचं. त्या भाषेत हे लिहिताच येत नाही. तिथं एका वेळी एकालाच विचारता येतं; तो गप्प बसला की सगळं तिथंच थांबलं.

१९९०नंतर अब्राम्स्की, जगदीशन, मालाकारिया यांनी आणि वेगळेपणानं हायलंड व ओंग यांनी सांगितलं, की प्रोग्रामला डाव समजा. दोन खेळाडू, सवाल आणि जवाब. दोन्ही निबंध २००० साली छापून आले. वर्गात मी तो असा खेळवते :

"बेरीज किती?"
"पहिली संख्या कोणती?"
"तीन."
"दुसरी?"
"पाच."
"आठ."

आधी दुसरी संख्या विचारणारा डाव वेगळा, उत्तर मात्र तेच. (पीसीएफच्या हिशेबात शेवटी हे दोन डाव सारखेच धरावे लागतात, म्हणजे पालकांचंही थोडं खरं आहे!) नियम एकच कडक : शेवटी विचारलेला सवाल आधी मिटवायचा. आणखी एक असा, की खेळाडूनं ठरावीक भागच बघून चाल करायची. तो सैल केला, की प्रोग्रामला स्मरण येतं.

आपल्याला हे परकं वाटायला नको. मदरशांत शिकवल्या जाणाऱ्या मुनाज़ऱ्यात साइल आणि मुजीब असतात. साइलनं कधी काय विचारावं, याचे कायदे असतात. कलगी-तुऱ्याच्या फडात तर सवाल-जवाबावरच रात्र सरायची, आणि शाहिरांत आपला सगनभाऊही होता.

माझ्या सातवीतली एक मुलगी हा डाव सगळ्यांत छान खेळते. ती थेट उत्तर देत नाही, आधी विचारते. एकदा म्हणाली, "आपा, सामनेवाला बोल्याच नै तो?" प्लॉटकिनचीच अडचण ती!

आमची शाळा सातवीपर्यंत. पुढचं हायस्कूल तालुक्याला, मराठी माध्यमाचं, एस.टी.नं पाऊण तास. तिचे अब्बा म्हणतात, "बहोत सवाल करती, आगे पढको क्या करेंगी?" तिचं मराठी कच्चं आहे, म्हणून रोज शाळा सुटल्यावर अर्धा तास मी तिला मराठीतून गणित सांगते. घरीही दोनदा जाऊन आले. अम्मी हो म्हणतात. अब्बा चहा देतात, फॉर्म बाजूला ठेवतात. प्रवेश जूनमध्ये आहेत.