आजाराचं नाव

आमच्या शेणव्याच्या बाजूला एखादा तरुण अचानक असंबद्ध बोलू लागला, रात्र रात्र जागू लागला, की लोकांकडे दोनच शब्द असतात: 'बाहेरचं' नाहीतर 'वेड'. पहिला भगताकडे नेतो. दुसरा जन्मभर चिकटतो आणि सोयरीक जुळवताना हमखास निघतो.

पण तिसरंही नाव आहे. काहींचा आजार दोन आठवड्यांच्या आत जोर धरतो आणि बहुधा महिन्याभरात उतरतो. जुन्या वर्गीकरणात हे रुग्ण नीट बसत नसत. १९६७ साली डॉ. विग आणि डॉ. गुरमीत सिंग यांनी भारतासाठी वेगळं वर्गीकरण मांडलं, त्यात अशा तीव्र आजाराला जागा दिली. जागतिक आरोग्य संघटनेच्या १९९२च्या दहाव्या यादीत त्याचा स्वतंत्र गट झाला. २०२२पासून लागू झालेल्या अकराव्या यादीत त्याची मर्यादा तीन महिने आहे.

माझ्या एका माजी विद्यार्थ्याला असंच झालं. डॉक्टरांनी आधी ताप, मेंदूचा आजार, नशा यांपैकी काही नाही ना, ते पाहिलं. औषध लगेच सुरू केलं, नाव मात्र राखून ठेवलं. म्हणाले, "गुरुजी, पहिल्या दिवशी सगळे सारखेच दिसतात. पुढे काय होतं त्यावर ठरेल." पाच आठवड्यांत पोरगा सावरला. पुन्हा उद्भवू शकतं, म्हणून तपासणी चालू राहिली.

गेल्या वर्षी मुलीकडचे चौकशीला आले. त्याला विचारून, त्याच्यासमोरच, मी त्यांना हे सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि डॉक्टरांचा पत्ता मागितला.