किती मेगापिक्सेलचा?

२००४-०५च्या सुमारास आपल्याकडच्या मध्यमवर्गीय घरांत एक नवाच प्रश्न शिरला. कुणी कॅमेरा दाखवला की किंमत विचारायच्या आधी विचारायचं, "किती मेगापिक्सेलचा?" तीन म्हटलं की "बरं" एवढंच. पाच म्हटलं की कॅमेरा हातात घेऊन बघायचा. आणि सात म्हणणाऱ्याचं कुणीतरी अमेरिकेत आहे, हे वेगळं सांगावं लागत नसे.

तोवर आमच्या पिढीचा सगळा हिशेब रोलचा. आधी अग्फा क्लिक थ्री, एका रोलवर बारा चौकोनी फोटो. मग हॉटशॉट, कोडॅकचा केबी टेन. ज्यांचं बरं चाललंय त्यांच्याकडे याशिका. छत्तीसचा रोल सत्यनारायणाला घातला की बारशापर्यंत पुरवायचा. सदतिसावा निघालाच तर तो फुकटचा म्हणून दारातल्या जास्वंदीवर खर्ची पडायचा. अशा काटकसरीत वाढलेल्यांना "नाही आवडला तर पुसून टाकू" हे पचायला वेळ लागला. घरातली वडीलमाणसं तर डिजिटल कॅमेऱ्यासमोरही "एकच काढ रे, उगाच वाया नको" म्हणत राहिली.

खरेदीचा निर्णय बहुतेक घरांत कॉम्प्युटरमधल्या भाच्याचा नाहीतर जावयाचा. दुबईहून येणाऱ्या काकांना ई-मेल जायची, त्यात मॉडेल नंबर दोनदा लिहिलेला. मुंबईकर बोरा बाजार आणि हिरापन्ना पालथं घालायचे. तिथे बिलाशिवाय स्वस्त पडायचं. बिल नाही म्हणजे वॉरंटी नाही, हे नंतर लक्षात यायचं. आणि इतक्या खलबतांत एक गोष्ट कुणीच विचारत नसे: आपण फोटो काढणार कसले, आणि कुठल्या उजेडात?

अल्बममध्ये लावायची प्रत ४ बाय ६ इंचांची. तिला १८०० बाय १२०० ठिपके भरपूर झाले, म्हणजे दोनाच्या थोडे वर मेगापिक्सेल. भिंतीवर मोठा लावलेला फोटो एकच, लग्नाचा, आणि तो स्टुडिओवाल्याने काढलेला. तरी आपण दहा-बाराच्या मागे धावलो. त्या खिशातल्या कॅमेऱ्यांचा सेन्सर करंगळीच्या नखाहूनही लहान. तेवढ्याच जागेत जास्त ठिपके कोंबले की प्रत्येकाच्या वाट्याला उजेड कमी येतो, आणि अंधाऱ्या खोलीत फोटोभर रवा सांडल्यासारखे कण दिसतात. आपले सगळे सोहळे तर ट्यूबलाइटखालचेच. औक्षणाचा फोटो फ्लॅशने काढला की निरांजनाची ज्योत फिकी, ओवाळणारीचा चेहरा पांढराफटक आणि उत्सवमूर्तीचे डोळे लाल. फ्लॅश बंद केला की हात हलायचा. बटण दाबल्यावर कॅमेरा क्षणभर विचारात पडायचा, तेवढ्यात वाढदिवसाच्या मुलाने मेणबत्त्या विझवलेल्या असायच्या. झूमचीही तीच कथा. खोक्यावर मोठ्या अक्षरांत असायचा तो डिजिटल झूम, म्हणजे नुसतं कापून मोठं करणं. कामाचा तो तीनपट ऑप्टिकल, लहान अक्षरांतला.

माझ्या मते त्या काळात शहाणपणाची निवड केली ती कॅननच्या ए-मालिकेतला कॅमेरा घेणाऱ्या घरांनी. ए-५१० घ्या: ३.२ मेगापिक्सेल, दिसायला जाडजूड, पण पेन्सिल सेलवर चालणारा. गणपतीपुळ्याच्या किनाऱ्यावर सेल संपले तर टपरीवर मिळायचे. साधे सेल भराभर उतरायचे खरे, म्हणून जाणकार चार्जिंगचे सेल बाळगायचे. डोळा लावून बघायची छोटी खिडकीही होती, त्यामुळे भर उन्हात स्क्रीन दिसेनासा झाला तरी अडायचं नाही, आणि ज्यांचा हात क्लिक थ्रीवर बसलेला त्या आजोबांनाही तो वापरता यायचा. एकच खोड: सेल बरेच दिवस काढून ठेवले की तारीख पुसली जायची. त्यामुळे कित्येक घरांतली दिवाळी कोपऱ्यातल्या तारखेनुसार १ जानेवारीला साजरी झालेली आहे.

२०१० साली जपानी कंपन्यांनी १२ कोटींहून अधिक डिजिटल कॅमेरे बाजारात धाडले. तो कळस, पुढे मोबाइलने धंदाच बसवला. आता कॉलेजातली नातवंडं तेच कॅमेरे हौसेने शोधतायत. ती विचारायला आली तर मेगापिक्सेल सोडून बाकीचं सांगा. कार्ड एसडी आहे ना ते बघ, कारण ऑलिंपस-फुजीचं एक्सडी कार्ड आता बनत नाही, मिळालंच तर जुनं मिळतं. बॅटरी फुगलेली नाही ना बघ. लेन्स बाहेर येताना अडखळत असेल तर घेऊ नकोस.

आणि एक काम आपण स्वतः करायचं आहे. त्या वर्षांतले फोटो आपण सीडीवर घालून, वर मार्करने "महाबळेश्वर" लिहून कपाटात ठेवले. घरी बर्न केलेल्या सीडीचा थर काळाने खराब होतो, आणि नव्या लॅपटॉपला सीडी घालायची सोयच नसते. ड्राइव्ह असलेला एखादा जुना कॉम्प्युटर शेजारीपाजारी अजून सापडेल. येत्या रविवारी त्या सीड्या काढा, जे वाचतंय ते उतरवून घ्या आणि त्यातल्या निवडक फोटोंच्या ४ बाय ६च्या प्रती करून घ्या.