मित्राचा घोडा

"मला घोडा घ्यायचा आहे. तू येशील ना सोबत?"

१९९७ च्या नोव्हेंबरातील एका रविवारी, मिस्सा आटोपून आम्ही देवळाच्या आवारात उभे होतो, तेव्हा माझ्या मित्राने हा प्रश्न विचारला. बँकेतून तो नुकताच निवृत्त झाला होता. मी उमेदीची सारी वर्षे सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात पर्यवेक्षक म्हणून घालवलेली. तेव्हा त्याने माझ्याकडेच यावे हे स्वाभाविक होते. मात्र त्याचा निर्णय झालेला होता. त्याला माझा सल्ला नको होता, संमती हवी होती. हे मला उमगले नाही असे मी कसे म्हणू? उमगले होते.

घोड्याचे हे वेड कोठून आले, तेही मला ठाऊक होते. त्याचे वडील वसई रोड स्थानकापासून गावापर्यंत टांगा हाकीत. त्या टांग्याला एक म्हातारा, खच्ची केलेला, पांढुरका घोडा होता. शाळा सुटली की आम्ही दोघे त्याच्या पुढ्यात गवताची पेंढी टाकीत असू. पुढे वडील आजारी पडले आणि घोडा विकला गेला. माझा मित्र तेव्हा बारा वर्षांचा होता. त्या घोड्याच्या गळ्यातला घुंगरांचा पट्टा त्याच्या आईने जपून ठेवला होता. एवढी वर्षे तो माळ्यावरच्या पेटीत पडून होता.

दत्तजयंतीला आम्ही सारंगखेड्याला गेलो. शहादा तालुक्यातले, तापीच्या काठावरचे हे गाव तेव्हा धुळे जिल्ह्यात होते. नंदुरबार जिल्हा झाला तो पुढच्या वर्षी. दोंडाईचा स्थानकावर उतरून आम्ही बाजार गाठला. तो बाजार एकदा तरी पाहावा असा आहे. मारवाडी आणि काठेवाडी घोडे, त्यांचे आत वळून एकमेकांना भिडणारे कान, शेकोट्यांचा धूर, रुमालाखाली बोटे दाबून ठरणारे भाव! गिऱ्हाईक घोड्याचे पाय पाहण्याआधी त्याच्या अंगावरचे भोवरे मोजते. गळ्यावर 'देवमन' भोवरा असेल तर भाव चढतो. भलत्या ठिकाणी भोवरा निघाला तर उमदे जनावरही मागे राहते. मला या शास्त्रात कधीच रस वाटला नाही. पण माणसे किती गंभीरपणे ते मांडतात!

माझ्या मित्राने एका कुमेत घोड्यासमोर पाय रोवले. चारही पाय पांढरे, कपाळावर पांढरा पट्टा, म्हणजे पंचकल्याणी. मी तोंड उघडून दात पाहिले. कडेचे दुधाचे दात अजून पडले नव्हते. वय साडेचार वर्षांच्या आतले. पायांच्या शिरांवरून हात फिरवला, खूर उचलून पाहिले, कडक जमिनीवर दुडकी चालवून टापांचा ताल ऐकला. कोठेही खोट नव्हती. घोडा खरोखरच देखणा आणि निरोगी होता.

आणि तेथेच माझी पंचाईत झाली. तो घोडा वाईट नव्हता; माझ्या मित्राला तो झेपणारा नव्हता. तरणाबांड, खच्ची न केलेला, थोडासाच शिकवलेला नर, आणि घ्यायला निघालेला माणूस अठ्ठावन्न वर्षांचा. टांग्यावर वडिलांच्या शेजारी बसला एवढाच त्याचा अनुभव. खोगिरावर तो जन्मात बसला नव्हता. वाडी दहा गुंठ्यांची, तीही नारळी-केळींनी भरलेली. पावसाळ्याचे चार महिने आमच्याकडे चिखल. अशा ओलीत उभ्या राहणाऱ्या घोड्याच्या खुराचा तळ सडू लागतो. त्यातून घोडा हा कळपात राहणारा प्राणी. एकट्याला दाव्याला बांधला की तो झुरतो किंवा चिडतो. त्याला हवा होता माथेरानसारख्या ठिकाणी माणसांना सरावलेला, बारा-पंधरा वर्षांचा, शांत घोडा.

हे सारे मी बोललो नाही. "तुझे वय झाले, तुला बसता येत नाही, आणि तुला जो घोडा हवा आहे तो केव्हाच गेला," हे मित्राला तोंडावर कसे सांगायचे? मी घोड्यात खोड्या काढू लागलो. "टाचा जरा अरुंद वाटतात." "छाती भरलेली नाही." त्याने शेजारच्या एका जाणत्या माणसाला बोलावले. त्याने घोडा तपासला आणि हसून मान हलवली. माझा शब्द तेथेच पडला. सौदा ३५,००० रुपयांना झाला.

घरी आल्यावर त्याने मायेपोटी घोड्याला रोज भरपूर हरभरा चारला. काम मात्र काहीच नाही. अशा खुराकाने तरुण घोडा अंगात मावत नाही. वहिनींनी मला दोनदा बोलावून घेतले; मी खुराक कमी करायला सांगून परतलो. "घोडा परत करा" असे तेव्हाही म्हणालो नाही.

१९९८ च्या मे महिन्यात शेजारच्या आळीत लग्न होते. मित्र घोड्यावर बसून रस्त्याने निघाला होता. बहुतेक वेळा नातू पुढे बसलेला असे. त्या दिवशी तो आजोळी होता. वरातीत फटाक्यांची माळ लागली आणि घोडा उधळला. मित्राचे मांडीचे हाड मोडले. शस्त्रक्रिया झाली, सळई बसली, पुढे काठी आली ती कायमची.

मी इस्पितळात गेलो तेव्हा तो बराच वेळ छताकडे पाहत होता. मग म्हणाला, "तुला ठाऊक होते ना?"

"होते," मी म्हणालो.

"टाचांचे काय ते सांगत होतास."

मी काहीच बोललो नाही. त्यानेही पुढे विचारले नाही.

जूनच्या पहिल्या आठवड्यात घोडे पाळणारा एक गृहस्थ ट्रक घेऊन आला. मित्राला उठता येत नव्हते. घोडा मीच बाहेर काढला. फळीवरून तो निमूटपणे चढला. तेवढ्यात वहिनी घाईघाईने बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "भाऊजी, पट्टा तेवढा काढून घ्या. ते विचारताहेत." मी पुन्हा वर चढलो, घोड्याच्या गळ्यातला घुंगरांचा पट्टा सोडवला आणि आत नेऊन मित्राच्या उशाशी ठेवला.