सरड्याची धाव चाळकेवाडीपर्यंत

पूर्वी आमच्या सांगलीतला माणूस निवृत्त झाला की काशीला जात असे. हल्ली तो केनियाला जातो. काशीहून येताना तो गंगेचा गडू आणी आणि शेजाऱ्यांना तीर्थ देई. केनियाहून येताना तो साडेतीन हजार फोटो आणतो आणि शेजाऱ्यांना बसवून एकेक दाखवतो. तीर्थ पळीभरच असे, हा मुख्य फरक. बाकी पुण्य तेच, आणि खर्च मुलाचा, हेही तेच.

आमच्या कॉलनीत तर आता पाहिलेल्या प्राण्यावरून माणसाची पायरी ठरते. मसाईमाराचा सिंह पाहून आलेल्यांपुढे ताडोबाचा वाघ पाहून आलेले जरा वचकून असतात. बँकेतून निवृत्त झालेल्या एका गृहस्थांनी इंडोनेशियातल्या कोमोडो बेटावर दहा फुटी घोरपड पाहिली, तेव्हापासून त्यांच्यापुढे सिंहवालेही आवाज चढवत नाहीत. तळमजल्यावरच्या काकूंना त्यांच्या मुलाने गालापागोस बेटांवर नेलं. तिथले सरडे म्हणे समुद्रात बुड्या मारून शेवाळ खातात आणि माणसाला मुळीच भीत नाहीत. "अहो, अगदी चपलेशेजारी येऊन बसतात हो!" हे काकू ज्या कौतुकाने सांगतात, त्या कौतुकाने त्यांनी सख्ख्या नातवाचंही कधी सांगितलं नाही.

वास्तविक आम्हा सांगलीकरांना असल्या गोष्टींचं अप्रूप वाटायचं कारण नाही. आमच्या कृष्णेत मगरी आहेत. थंडीच्या दिवसांत भिलवडी-औदुंबरच्या बाजूला काठावर ऊन खात पडलेली मगर दिसते. पण तिच्यासाठी कोणी तिकीट काढत नाही. उलट ती दिसू नये अशी प्रार्थना करूनच म्हशी पाण्यात घालतात. घरच्या प्राण्याला किंमत नसते, हा नियम नवऱ्यांप्रमाणे मगरींनाही लागू आहे.

तेव्हा "आपणही एकदा काहीतरी जगावेगळं पाहून येऊ या," असं हिने जाहीर केल्यावर मी शांतपणे म्हणालो, "चल, साताऱ्याला."

"तिथे काय जगावेगळं? कंदी पेढे?"

"सरडा."

ही माझ्याकडे बराच वेळ पाहत राहिली. एवढ्या वर्षांच्या संसारात मी इतक्या स्वस्तात सुटायचा प्रयत्न केला नव्हता, असं तिच्या चेहऱ्यावर स्पष्ट लिहिलेलं होतं. पण हा सरडा ऐरागैरा नाही. नराच्या गळ्याखाली एक पंखा असतो. पावसाळ्याआधीच्या उन्हात तो दगडावर चढून बसतो आणि मादीला दाखवायला, दुसऱ्या नराला दटावायला तो पंखा फुलवतो. निळा, काळा आणि नारिंगी! पूर्वी आपल्याकडचे असले पुष्कळ सरडे शास्त्रज्ञांनी एकाच जातीत कोंबले होते, आणि त्या जातीला नाव होतं पाँडिचेरीचं. २०१६ साली संशोधकांनी हा घोळ निस्तरला, पाच नव्या जाती नोंदवल्या आणि मोठ्या पंख्यांच्या सरड्यांचं एक वेगळं घराणंच काढलं. शास्त्रात आडनाव आधी आणि नाव नंतर लावतात, शाळेच्या हजेरीपटासारखं. या घराण्याचं आडनाव काय ठेवलं असेल? मराठीतला आपला 'सरडा'! लॅटिन नाही, ग्रीक नाही. साताऱ्याजवळच्या चाळकेवाडीच्या पठारावरून ज्याची नोंद झाली, तो 'सरडा सुपर्बा'. त्याच्या एका भाऊबंदाचं नाव 'सरडा डार्विनी'. म्हणजे गालापागोसला जाऊन आलेला डार्विनसुद्धा शेवटी आमच्या सरड्यांच्या घरात दत्तक आला. शिवाय याच भागातल्या एका पालीला २००८ सालापासून शास्त्रीय नावातच 'सातारकर' करून टाकलेलं आहे. एवढा मान मिळाल्यावर पालीला झाडूने हाकलणं बरं नव्हे, हे मी हिला सांगितलं. तिने ऐकून घेतलं.

भाच्याच्या गाडीने आम्ही निघालो. कराड, सातारा, सज्जनगडाची बगल, ठोसेघर, आणि मग चाळकेवाडीचा सडा. वर रणरणतं ऊन, सोसाट्याचा वारा आणि नजर पोचेल तिथवर पवनचक्क्या. एक म्हातारे बाबा गुरं घेऊन उभे होते. त्यांनी विचारलं, "काय बघाय आलाय?"

"सरडा."

"तुमच्या सांगलीला न्हाईत व्हय?"

या प्रश्नाला शास्त्रीय उत्तर होतं, पण हिच्या चेहऱ्याकडे पाहून मी ते दिलं नाही. एवढ्यात समोरच्या दगडावरच्या महाशयांनी मान उंचावली आणि पंखा फुलवला. "अगंबाई!" ही म्हणाली, "इरकलीचा काठच जणू!" साडीची उपमा सुचली म्हणजे प्रवासाचा खर्च वसूल झाला, असं मी समजतो.

आता खरी गोष्ट पुढेच आहे. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या संशोधकांनी याच पठारावर अभ्यास करून २०१८ साली निष्कर्ष छापले. पवनचक्क्यांच्या भागात शिकारी पक्षी जवळजवळ चौपटीने कमी आढळले. घिरट्या घालणाऱ्या पात्यांखाली घिरट्या घालायला कोणत्या घारीला आवडेल? घार गेली, तेव्हा सरडे वाढले. भीती गेली, तेव्हा माणूस अगदी जवळ आला तरी ते पळेनात. थोडक्यात, काकूंचं गालापागोस! पण गर्दीमुळे खाण्यात वाटेकरी वाढले, सरडे रोडावले, आणि नरांच्या पंख्यांचा रंग फिका पडला. मोठ्या पंख्याने छोट्या पंख्याचा रंग घालवला!

बरं, पवनचक्कीला नावं तरी कशी ठेवायची? तिला धूर नाही, राख नाही, कोळसा नाही. आपल्या डोक्यावरचा पंखा फिरतो, त्यात कुठेतरी चाळकेवाडीचा वाराही असेल. त्याच पंख्याखाली बसून आपण केनियाचे साडेतीन हजार फोटो पाहतो. फुकट काहीच नसतं, एवढंच. आपलं बिल महिन्याला येतं. सरड्याने ते गळ्याखालून भरलं.

परतीच्या वाटेवर मी हे सगळं हिला समजावून सांगितलं. डोक्यावरची घार गेली, धाक उरला नाही, मग प्राणी निर्धास्त होतो, अंगाने उतरतो आणि त्याचा रंग उडतो. ही म्हणाली, "म्हणजे साहेब डोक्यावर नसल्यापासून तुमचं झालं तसंच की!"

मी खिडकीची काच खाली करून आभाळाकडे पाहिलं. पात्यांपासून बरंच दूर, दरीच्या अंगाला एक घार घिरट्या घालत होती. ती दिसेनाशी होईपर्यंत मी भाच्याला गाडी हळू घ्यायला लावली.