सत्याची वस्त्रे

मास्तरकीत उभा जन्म घालविलेल्या मनुष्यास एक खोड हळूहळू जडते. जगातील कोणताही दोष नजरेस पडला की तो दुसऱ्याचाच आहे असे गृहीत धरून फळ्यावर मांडून दाखवावा, त्याची कारणे क्रमवार सांगावी, आणि तास संपल्याची घंटा झाली की हातावरचा खडू झटकून निर्मळ मनाने घरी यावे. ही खोड आम्हांसही आहे, व ती आहे हे आम्हांस पन्नाशी उलटून गेल्यावर कळले. कळले तेही एका मूकपटामुळे. मुक्या गुरूने बोलक्या मास्तरास गप्प बसवावे असा हा प्रसंग असल्यामुळे तो वाचकांस सांगावासा वाटतो.

आमच्या महाविद्यालयात विद्यार्थ्यांचे एक चित्रपट मंडळ आहे. त्याचे अध्यक्षपद बरीच वर्षे आमच्याकडे आहे. ते आमच्या योग्यतेमुळे आले असे नव्हे, दुसऱ्या कोणास ते नको होते म्हणून आले. गेल्या वर्षी मंडळाने काही जुने मूकपट दाखविण्याचे ठरविले, आणि मंडळाची चिटणीस असलेली विद्यार्थिनी यादी घेऊन आमच्याकडे आली. त्या यादीत 'हिपॉक्रिट्स', म्हणजे 'दांभिक', असे एक नाव होते. चित्रपट अमेरिकन, साल १९१५, लेखिका व दिग्दर्शिका लोइस वेबर. नाव वाचूनच आम्ही प्रसन्न झालो. दंभस्फोट हा आमचा आवडता विषय. शिवाय त्याच आठवड्यात आम्ही वर्गात मिल्टनचा 'ॲरिओपॅजिटिका' शिकवीत होतो. पुस्तक छापण्यापूर्वी सरकारी परवाना घेण्याची सक्ती असू नये, म्हणून त्या कवीने १६४४ साली लिहिलेला तो निबंध शिकविताना आमचा आवाज नेहमीपेक्षा एक पट्टी वर चढतो, असे विद्यार्थी म्हणतात. ते खरे असावे.

अध्यक्षाने चित्रपट आधी पाहावा असा आमचा रिवाज आहे. त्याप्रमाणे एके रात्री जेवणे आटोपल्यावर आम्ही व आमच्या सौभाग्यवती संगणकाच्या पडद्यासमोर बसलो. चित्रपट जेमतेम पाऊण तासाहून थोडा अधिक आहे. त्याचे कथानक थोडक्यात असे.

गेब्रिएल नावाचा एक धर्मगुरू श्रीमंत वस्तीतील चर्चमध्ये दंभ या विषयावर प्रवचन करीत आहे. समोर बसलेली मंडळी प्रतिष्ठित, वेष उंची, चेहरे कंटाळलेले. कोणी जांभई आवरतो आहे, कोणास शब्द झोंबले आहेत. प्रवचन संपल्यावर या गृहस्थाचा राजीनामा घ्यावा अशी कुजबुज सुरू होते. चर्च रिकामे झाल्यावर खिन्न धर्मगुरू एकटाच खुर्चीत बसतो. गायकवृंदातील एका मुलाच्या हातचे रविवारचे वर्तमानपत्र तेथे पडलेले असते. त्यात पॅरिसमध्ये गाजलेल्या 'सत्य' नावाच्या एका चित्राविषयी मजकूर आहे; फोझरों नावाच्या चित्रकाराने सत्य हे विवस्त्र स्त्रीच्या रूपात रंगविले होते. तो मजकूर वाचता वाचता त्याला तंद्री लागते आणि तंद्रीत तो एका उभ्या चढणीची वाट चढू लागतो. मागून येणारे अनुयायी एकेक करून गळतात. एकाच्या खांद्यावर सोन्याची पिशवी आहे. ती टाकवत नाही आणि ती घेऊन चढवत नाही. सत्याचे मुख सोन्याच्या झाकणाखाली दडले आहे असे आमच्या उपनिषत्कारांनी म्हणून ठेवले आहे, त्याची आठवण आम्हांस या ठिकाणी झाली, व ती आम्ही सौभाग्यवतींस मोठ्याने बोलूनही दाखविली.

पुढे कथा मध्ययुगात जाते. तोच गेब्रिएल आता एक तपस्वी भिक्षू आहे, आणि दोन्ही भूमिका कोर्टनी फूट या एकाच नटाने केल्या आहेत. मठात एकांतात बसून तो सत्याची मूर्ती घडवितो. उत्सवाच्या दिवशी मठाधिपतीपासून सामान्य प्रजाजनांपर्यंत सर्वांसमक्ष मूर्तीवरचा पडदा दूर होतो. पाहतात तो मूर्ती विवस्त्र! जमाव खवळतो आणि त्या भिक्षूचा प्राण घेतो. मग पुन्हा वर्तमानकाळ. आता सत्य स्वतःच देह धारण करून हाती आरसा घेऊन धर्मगुरूबरोबर फिरते. राजकारण, उच्चभ्रू समाज, प्रेम, घरसंसार अशा एकेका ठिकाणी ती आरसा धरते, आणि तोंडाने प्रामाणिकपणाची ग्वाही देणाऱ्या माणसांचे खरे रूप त्यात दिसते. शेवटी तंद्री सरते ती मरणातच. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांत गवगवा होतो तो धर्मगुरू गेल्याचा नव्हे. मेला तेव्हा त्याच्या हाती ते 'अश्लील' चित्राचे पान होते, याचा!

सत्याची भूमिका मार्गारेट एडवर्ड्‌झ या तरुणीने केली आहे. एकाच फितीवर दोनदा चित्रण करण्याच्या युक्तीने तिची आकृती अर्धपारदर्शक दिसते. मागची झाडे व भिंती तिच्यातून आरपार दिसतात. विकाराला तेथे जागाच उरत नाही. हे आम्हांस त्या रात्री स्पष्ट दिसले होते. रूपक काही ठिकाणी फार उघडे आहे, पाच मिनिटांत समजलेली गोष्ट पंधरा मिनिटे समजावून सांगितली आहे, असे दोषही दिसले. (समजलेले पुन्हा समजावून सांगण्याच्या दोषाबद्दल मास्तराने फार बोलू नये हे खरे.) तथापि एकंदर परिणाम असा की, चित्र संपल्यावर आम्ही बराच वेळ उगाच बसून राहिलो. सौभाग्यवती उठता उठता म्हणाल्या, "अहो, त्या बिचाऱ्याला लोकांनी दोनदा मारले, एकदा हातांनी आणि एकदा अब्रू घेऊन." आम्हांस हे वाक्य इतके आवडले की ते प्रास्ताविकात वापरण्याचे आम्ही मनोमन ठरवून टाकले.

आणि दुसऱ्या दिवशी सकाळी महाविद्यालयात गेल्यावर आम्ही त्या यादीवर आमच्या वळणदार अक्षरात शेरा लिहिला: "काही भाग वगळून दाखविण्यास हरकत नाही."

असे का लिहिले, हे आज आम्ही आमच्या मनास विचारतो तेव्हा मन लगेच सबबींची चवड पुढे करते. आमची स्वतःची हरकत नव्हतीच! परंतु पालकांपैकी कोणी विचारले तर? संस्थेच्या चालकांच्या कानी भलतेच गेले तर? कोणी पडद्याचे छायाचित्र काढून गावभर फिरविले तर? विद्यार्थी अजाण आहेत, काळ नाजूक आहे, आणि सेवानिवृत्ती चार-पाच वर्षांवर आली आहे. यांतील शेवटची सबब आम्ही त्या वेळी स्वतःशीही मोठ्याने उच्चारली नव्हती. गंमत अशी की आमच्याकडे कोणीही काही मागितले नव्हते. पालकांनी तक्रार केली नव्हती, चालकांना चित्रपटाचे नावही ठाऊक नव्हते. चर्चमधील ती कुजबुज आमच्या बाबतीत बाहेर कोठेच झाली नाही. ती सगळी आमच्या एकट्याच्या पोटात झाली.

चिटणीस विद्यार्थिनीने शेरा वाचला आणि अगदी साधेपणाने विचारले, "सर, काही भाग म्हणजे सत्याचाच ना? पण सत्य वगळले तर मागे नुसते दांभिकच उरतील."

तिच्या बोलण्यात उपरोध असता तर आम्हांस रागावता आले असते. तो नव्हता, त्यामुळे पंचाईत झाली. "बघू" असे म्हणून आम्ही ग्रंथालयाची वाट धरली. कोठे काही शोधायचे नसले तरी ग्रंथालयात जाणारा प्राध्यापक पळून चालला आहे असे कोणास वाटत नाही, ही या व्यवसायातील एक सोय आहे.

परंतु तेथे त्या चित्रपटाचा पूर्वेतिहास हाती लागला आणि आमची उरलीसुरली ऐटही गेली. जानेवारी १९१५ मध्ये न्यूयॉर्कच्या लाँगएकर नाट्यगृहात हा चित्रपट लागला तेव्हा त्याची अतोनात चर्चा झाली. ओहायओ राज्याने त्याला बंदी केली. बॉस्टनच्या महापौरांनी तर अशी मागणी केली की फितीवरील त्या स्त्रीच्या अंगावर, एकेका चित्रचौकटीत हाताने रंगवून, वस्त्रे चढवावीत! याच १९१५ सालच्या फेब्रुवारीत अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने, ओहायओच्याच एका खटल्यात, चित्रपट हा निव्वळ धंदा असून विचारस्वातंत्र्याचे संरक्षण त्याला नाही असा निर्णय दिला. तो फिरायला १९५२ साल उजाडावे लागले. आणि फिरला तोही रोस्सेलिनीच्या 'द मिरॅकल' या धर्मनिंदक ठरविलेल्या चित्रपटाच्या निमित्ताने. सदतीस वर्षे! त्या महापौरांची कीव करण्यासाठी आम्ही तोंड उघडले, आणि तसेच मिटले. त्यांनी निदान कुंचला मागितला होता. आम्ही कात्री मागितली होती.

हे सारे परदेशातच घडते अशी समजूत करून घेण्याचीही सोय नव्हती. प्रभात कंपनीने १९३५ साली संत एकनाथांवर पुण्यात काढलेल्या चित्रपटाचे मूळ नाव 'महात्मा' होते. अस्पृश्याच्या घरी जेवणारा संत आणि त्यावर संतापलेले धर्ममार्तंड हा त्याचा विषय. सेन्सॉरच्या हरकतीमुळे त्याचे नाव बदलून 'धर्मात्मा' करावे लागले. म्हणजे तेथे देहाला वस्त्र नेसविण्याचा आग्रह, येथे नावाला. विवस्त्र सत्याची भीती वाटते ती डोळ्यांना की मनाला, याचे उत्तर या दोन गोष्टी शेजारी ठेवल्या म्हणजे मिळते. एकनाथांच्या चित्रपटात कोणी विवस्त्र नव्हते.

वेबरबाईंविषयीची एक हकीकतही तेथेच वाचली आणि ती मनातून जात नाही. त्या १८७९ साली पेन्सिल्वेनियातील ॲलेघेनी येथे जन्मल्या आणि १९३९ साली वारल्या. तरुणपणी त्या धर्मप्रचारकांच्या मेळ्याबरोबर रस्त्यारस्त्यांतून भजने गात हिंडत असत. धर्मावर टीका करणारी ही बाई धर्माबाहेरची नव्हती. ती आतली होती, म्हणूनच तिला आरसा कोठे धरावा हे ठाऊक होते. आमच्या संतांनी भोंदूंवर जे कोरडे ओढले तेही विठ्ठलाच्या पायाशी उभे राहूनच ओढले. बाहेरच्याचा टोमणा मनुष्य झटकून टाकू शकतो. घरच्या माणसाचा बोल मात्र वर्मी लागतो.

घरी येऊन आम्ही सर्व हकीकत सौभाग्यवतींस सांगितली. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, "मग त्या भिक्षूला मारणाऱ्यांत तुम्ही कोठे उभे होता?" आम्ही म्हणालो, "आम्ही कोणाला मारले नाही." त्या म्हणाल्या, "तेच विचारते आहे. मारणारे पुढे होते. मागे उभे राहून 'मूर्तीवर निदान एखादी शाल तरी टाका' असे म्हणणारेही कोणी असतीलच की."

दुसऱ्या दिवशी आम्ही शेरा खोडला. चित्रपट संपूर्ण दाखविला गेला. सभागृह निम्मे भरले होते. कोणी हसले नाही, कोणी शीळ घातली नाही, कोणी उठून गेले नाही. आमच्या सबबींपैकी एकही खरी ठरली नाही. नंतर काही विद्यार्थी येऊन म्हणाले, "सर, दुसऱ्या कोणी हा चित्रपट दाखवू दिला नसता. तुम्ही होतात म्हणून झाले." आणि आम्ही, मिल्टन शिकविणारे, दंभस्फोटाचे शौकीन, नम्रपणे मान लववून ती स्तुती स्वीकारली. खोडलेल्या शेऱ्याविषयी एक अक्षर बोललो नाही. चिटणीस विद्यार्थिनी खुर्च्या आवरीत होती. तिने एकदा आमच्याकडे पाहिले आणि पुन्हा कामाला लागली. तिने कोणास काही सांगितले नाही. तिच्या त्या मौनाने आमची अब्रू राखली, आणि आमचा आरसाही तोच झाला.

लोकांस ब्रह्मज्ञान सांगून आपण कोरडा पाषाण राहणाऱ्याची टिंगल आम्ही तीस वर्षे करीत आलो. पाषाण किती कोरडा असतो हे आता आतून कळले. त्या चित्रपटातील उभी चढण आम्हांस वाटली होती तितकी लांब नाही. ती आमच्या मेजापासून सभागृहाच्या व्यासपीठापर्यंतच होती, आणि तेवढीही आम्हांस चढता आली नाही. त्या संध्याकाळी जे चार शब्द बोलावयाचे राहून गेले ते बोलावेत, एवढ्याचसाठी हा लेख लिहिला.

परंतु पूर्ण करून वाचून पाहतो तो येथेही एक लहानशी शाल पांघरलेली आढळते. लेखात सर्वत्र 'आम्ही' असे लिहिले आहे. या मासिकांतून तशी पद्धत आहे, व ती आम्हांस सोयीचीही वाटते. वाचकांनी मात्र ध्यानात ठेवावे की, यादीवर तो शेरा लिहिला त्या सकाळी खोलीत दुसरे कोणीही नव्हते.