नाकाबंदी, अंगझडती आणि अठराच्या आतली मुले

रात्रीच्या नाकाबंदीचा कायदा एका जागी सापडत नाही. इंग्लंडमध्ये रस्त्यात थांबवून झडती घेण्याचा अधिकार १९८४ च्या कायद्यात लिहिलेला आहे. तिथे पोलिसाला संशयाचे कारण सांगावे लागते, झडतीची नोंद होते आणि तिची प्रत मागता येते. भारतात असा स्वतंत्र कायदा नाही. महाराष्ट्रात बॅरिकेडपाशी ‘गाडी बाजूला घे’ म्हणणाऱ्या हवालदाराच्या पाठीशी मोटार वाहन कायदा, १९५१ चा महाराष्ट्र पोलीस कायदा, १९८५ चा अमली पदार्थविरोधी कायदा आणि भारतीय नागरिक सुरक्षा संहिता असे चार-पाच कायदे असतात. यांपैकी कशाखाली थांबवले, हे सांगायची पोलिसांना सवय नसते आणि विचारायची मुलांना हिंमत नसते.

थांबवणे मुळात बेकायदा नाही. गणवेशातल्या पोलिसाने परवाना मागितला की तो दाखवावाच लागतो. सोळा ते अठरा वयात फक्त ५० सीसीपर्यंतची बिनगिअरची दुचाकी चालवता येते. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मुलाच्या गुन्ह्यासाठी पालकाला किंवा गाडीच्या मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड होऊ शकतो. बहुतेक पालकांना हे चौकीत गेल्यावरच कळते. पुण्यात कोवळ्या मुलांच्या हाती कोयते सापडू लागल्यावर तपासणी कडक झाली, तीही विनाकारण नव्हे. तिथे गुन्हा बहुधा पोलीस कायद्याच्या कलम ३७(१) सह १३५ खाली लागतो, म्हणजे शस्त्रबंदीचा हुकूम मोडल्याचा.

मात्र रात्री बाहेर असणे हाच गुन्हा, हा समज साफ चुकीचा आहे. पोलीस कायद्याचे कलम १२२ सूर्यास्त ते सूर्योदय या वेळेसाठी असले, तरी त्याला आणखी काही लागते, उदाहरणार्थ: गुन्ह्याच्या इराद्याने चेहरा झाकलेला किंवा शस्त्र जवळ, नाहीतर विनाकारण बाळगलेले घरफोडीचे साहित्य. २०२२ मध्ये मुंबईत रात्री दीडच्या सुमारास तोंडाला रुमाल बांधून रस्त्यावर बसलेल्या एका तरुणावर हेच कलम लावले गेले. गिरगावच्या न्यायदंडाधिकाऱ्यांनी त्याला सोडले. मुंबईत दीड ही काही उशिराची वेळ नाही, आणि संचारबंदी नसताना रस्त्यावर रेंगाळणे गुन्हा ठरत नाही, असे त्यांनी म्हटले. हा निकाल प्रत्येक चौकीच्या भिंतीवर लावण्याजोगा आहे.

झडतीचे नियम त्याहून कडक आहेत. साधारण गुन्ह्यात अंगझडतीचा अधिकार अटकेनंतर येतो. मुलीची झडती स्त्री पोलिसानेच, तीही शालीनता सांभाळून घ्यायची असते. चोरीची वाटणारी वस्तू रस्त्यात कुणाजवळ दिसली तर ती तपासता येते आणि तिचा जाब विचारता येतो. गांजाच्या संशयात मात्र अमली पदार्थविरोधी कायद्याचे कलम ५० आडवे येते. राजपत्रित अधिकारी किंवा दंडाधिकारी यांच्यासमोर झडती मागण्याचा हक्क आहे, हे त्या माणसाला आधी सांगावे लागते. ते सांगणे बंधनकारक असल्याचे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने २०१० मध्ये विजयसिंह जाडेजा खटल्यात ठणकावून सांगितले. पण हे संरक्षण अंगाला आहे, पिशवीला नाही. २०२३ मध्ये न्यायालयाने ते पुन्हा स्पष्ट केले. परिणाम असा की पुडी पँटच्या खिशात सापडली तर हक्क सांगितला होता की नाही यावर खटला टिकतो किंवा कोसळतो, आणि तीच पुडी पाठीवरच्या सॅकच्या बाहेरच्या कप्प्यात सापडली तर तो प्रश्नच उरत नाही. मुलाच्या लेखी सॅक ही अंगाचाच भाग असते. कायद्याचा शब्दार्थ पाहता निकाल बरोबर असेल. रस्त्यावर मात्र त्याने संरक्षण निम्मे झाले आहे. कारण झडती बहुधा सॅकपासूनच सुरू होते.

मोबाइलचे प्रकरण याहून वाईट आहे. २०२१ मध्ये हैदराबादेत पोलीस रस्त्यावर लोकांचे फोन घेऊन त्यांत ‘गांजा’ शब्द शोधत असल्याची चित्रफीत देशभर फिरली. खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे २०१७ मध्येच ठरले आहे. कोणताही गुन्हा दाखल नसताना ‘लॉक उघड’ म्हणत गप्पा आणि फोटो चाळण्याला कायद्यात आधार नाही.

मुलाला ताब्यात घेतले की बाल न्याय कायदा २०१५ लागू होतो. त्याला कोठडीत ठेवता येत नाही, बेडी घालता येत नाही, कोणत्याही जबाबावर त्याची सही घेता येत नाही. पालकांना कळवावे लागते आणि प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांत बाल न्याय मंडळासमोर न्यावे लागते. प्रत्येक ठाण्यात एक बाल कल्याण पोलीस अधिकारी असावा लागतो. कायदा पोरांना पाठीशी घालतो, ही ओरड प्रत्येक गाजलेल्या प्रकरणानंतर होते. ती करणाऱ्यांनी हे नियम वाचलेलेच नसतात.

खरी अडचण त्याआधीच्या तासाभराची आहे. मुलांना फूटपाथवर बसवले, खिसे उलटे करायला लावले, दोन थपडा दिल्या आणि ‘परत दिसू नका’ म्हणून हाकलले, तर कागदोपत्री काहीच घडलेले नसते. स्टेशन डायरीत ओळ नाही, पंचनामा नाही, पालकांना फोन नाही. त्यातच नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७२ ने पोलिसांचा कायदेशीर आदेश न पाळणाऱ्याला ताब्यात घेऊन, किरकोळ प्रकरणात २४ तासांच्या आत सोडून देण्याची मुभा दिली आहे. ‘का थांबवलं, काका?’ हा साधा प्रश्नही आदेशाला विरोध ठरवला जाण्याची धास्ती त्यामुळे अनाठायी नाही. आईबापांची झोप उडते ती या नोंद नसलेल्या तासामुळे.

तक्रारीला मार्ग आहेत: वरिष्ठ पोलीस अधिकारी, राज्य पोलीस तक्रार प्राधिकरण, राज्य बालहक्क संरक्षण आयोग. या तिन्ही ठिकाणी पहिला प्रश्न पुराव्याचा येतो. छातीवरच्या पट्टीवरचे नाव, पोलीस गाडीचा क्रमांक, चौकाचे नाव आणि वेळ एवढे मुलाकडून त्याच रात्री लिहून घ्यावे. मार लागला असेल तर सरकारी रुग्णालयात तपासणी करून कागद घ्यावा. त्या चौकातल्या सीसीटीव्हीचे चित्रण जपून ठेवावे, असा लेखी अर्ज दुसऱ्याच दिवशी द्यावा आणि त्याची पोच घ्यावी. जुने चित्रण आपोआप पुसले जाते.